खोलीतली हवा आणि तिचे गणित

दांडिया बाजार, रावपुरा भागांतल्या जुन्या वाड्यांविषयी आम्ही बडोदेकर ‘तिथे हवा खेळते’ असे म्हणतो. हा शब्दप्रयोग मला फार नेमका वाटतो. हवा नुसती येत-जात नाही. ती वळते, छताला लागून फिरते, कोपऱ्यात अडते. हा खेळ डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो संगणकावर मांडून पाहतात. खोल्यांपुरता हा प्रयत्न डेन्मार्कच्या पीटर नील्सेन यांनी १९७४ सालच्या आपल्या प्रबंधात केला. इंग्रजीतल्या ‘सिम्युलेशन’ला कोणी प्रतिरूपण म्हणतात, कोणी सदृशीकरण. सयाजीरावांनी राज्यकारभाराच्या शब्दांसाठी ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ करवून घेतला, तसे काम इथे व्हायचे आहे.

रीत अशी. सहा मीटर लांब, पाच रुंद आणि तीन उंच असा वर्ग घ्या. म्हणजे ९० घनमीटर. त्याचे दहा-दहा सेंटिमीटरचे ठोकळे पाडले तर ९०,००० होतात. प्रत्येक ठोकळ्यात शिरेल तेवढी हवा बाहेर पडली पाहिजे. वेग आणि उष्णता यांचाही जमाखर्च जुळला पाहिजे. यातल्या वेगाच्या जमाखर्चाची समीकरणे नाव्हिए आणि स्टोक्स यांनी एकोणिसाव्या शतकातच मांडली. संगणक आधी अंदाजाचे आकडे भरतो, ताळा पाहतो, दुरुस्त करतो आणि फरक नगण्य होईपर्यंत हेच करत राहतो. ठोकळ्याची बाजू निम्मी केली की ठोकळे आठपट होतात, म्हणून बारीक भोवऱ्यांचा हिशेब अंदाजानेच धरावा लागतो. पडद्यावरचे रंगीत चित्र कितीही देखणे असो, उदबत्तीच्या धुराने तरी पडताळल्याशिवाय मी त्यावर विसंबत नाही.

या वर्गात तासाला ५४० घनमीटर बाहेरची हवा आली, तर दर दहा मिनिटांना वर्गाएवढी हवा आत आली असे सरासरी सांगते. पण खिडकी दाराच्या शेजारीच असेल, तर त्यातली बरीच हवा परस्पर निघून जाते आणि मागच्या बाकावरचे मूल इतरांनी सोडलेली हवाच घेत बसते. पंखा नवी हवा आणत नाही. आहे ती घुसळतो. सरासरीत न दिसणारा हा कोपरा ठोकळ्यांच्या हिशेबात दिसतो.

वाड्याचा चौकही असा तपासता येतो. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला खालून हवा येते. मात्र मे महिन्याच्या दुपारी बाहेरची हवाच घरातल्यापेक्षा तापलेली असली, तर हा ओढा मंदावतो, कधी उलटतोही. त्या वेळी खिडक्या मिटून रात्री उघडणारी आजी बरोबरच असते.

कित्येक वर्गांतले वरचे झरोके पुठ्ठा लावून बंद केलेले असतात. तो काढला तर मागच्या बाकापर्यंत किती हवा पोहोचेल, की समोरच्या भिंतीलाही झरोका पाडावा लागेल, हे गवंड्याला बोलावण्याआधी पाहता येते.