पन्नास मीटरवरचा कडा

सह्याद्रीतल्या एखाद्या कड्यासमोर उभं राहून टाळी वाजवा. ती परत यायला तीन दशांश सेकंद लागले, तर कडा तुमच्यापासून साधारण पन्नास मीटरवर आहे असं समजा. आवाज सेकंदाला ३४० मीटर धावतो, जाण्यायेण्याचे मिळून शंभरेक मीटर होतात, हिशेब एवढाच. हा कडा उचलून एका पेटीत कोंबायचा आणि ती पेटी गिटार आणि स्पीकरच्या मध्ये जोडायची, असं कुणी म्हणालं तर आपण हसू. पण १९६० साली लंडनमध्ये चार पोरांनी नेमकं हेच केलं. त्यातून निघालेलं गाणं इंग्लंडात पाच आठवडे पहिल्या नंबरावर होतं, आणि त्यात गाणारं कुणीच नव्हतं.

गाण्याचं नाव ‘अपाची’, बँडचं नाव ‘शॅडोज’. मुख्य गिटार हँक मार्विनची. जाड काळ्या फ्रेमचा चष्मा घालणारा न्यूकॅसलचा हा मुलगा तेव्हा अठरा वर्षांचा होता. एरवी ही मंडळी गायक क्लिफ रिचर्डच्या मागे उभी राहून साथ करायची. हा क्लिफ जन्मानं लखनौचा, १९४०चा. आठ वर्षांचा होईतो इथेच वाढला. गंमत म्हणजे ‘अपाची’नं पहिल्या नंबरावरून खाली ओढलं ते क्लिफच्याच गाण्याला, ज्यात साथ यांचीच होती. आणि ‘अपाची’च्या सुरुवातीला नि शेवटी जो ढोल वाजतो, तो वाजवलाय क्लिफनं. मालकानंच नोकरांच्या धंद्याला हातभार लावावा तसं.

माझ्या भाच्यानं हे गाणं मागच्या वर्षी पहिल्यांदा ऐकलं आणि म्हणाला, “मामा, असा आवाज काढायला किती खर्च येईल?” प्रश्न साधा होता. उत्तर शोधताना मात्र मीच चक्रावून गेलो. कारण या आवाजाच्या मुळाशी कुणाची योजना अशी नव्हतीच. होते ते योगायोग.

पहिला योगायोग गिटारचा. पन्नासच्या दशकात ब्रिटननं अमेरिकी वाद्यांच्या आयातीला जवळजवळ कुलूपच लावलं होतं. ते १९५९मध्ये निघालं. हँकला हवी होती अमेरिकी गिटारवादक जेम्स बर्टन वाजवतो ती गिटार. फेंडर कंपनीची, एवढं ठाऊक होतं. मॉडेल कुठलं, ते नाही. क्लिफनं कॅटलॉग मागवला. एवढा मोठा वादक म्हणजे सर्वांत महागडंच वाद्य वाजवत असणार, असा तर्क करून त्यांनी लालसर रंगाची, सोनेरी खुंट्यांची स्ट्रॅटोकास्टर मागवली. बर्टन वाजवायचा टेलिकास्टर! चुकीच्या तर्कातून आलेल्या या गिटारला स्वर हलवणारी एक दांडी होती. तीच ‘अपाची’चा अर्धा जीव ठरली.

दुसरा योगायोग म्हणजे मघाची ती पेटी. मिलानच्या मेआझी कंपनीचं हे एको-यंत्र जो ब्राऊन नावाच्या गिटारवादकाकडे होतं, पण त्याचं त्याच्याशी फारसं जमलं नाही, आणि ते हँककडे आलं, असं सांगतात. त्याच्या आत चुंबकीय पट्टीचा एक वेढा सतत फिरत असतो. एक हेड तिच्यावर आवाज लिहितं. पुढे ओळीनं बसवलेली दुसरी हेडं तोच आवाज वाचतात. मग उशीर किती? दोन हेडांमधलं अंतर भागिले पट्टीचा वेग. समजा पट्टी सेकंदाला १९ सेंटिमीटर सरकतेय आणि वाचणारं हेड पावणेसहा सेंटिमीटरवर बसवलंय. भागाकार करून बघा, तीन दशांश सेकंद! पन्नास मीटरवरचा कडा पावणेसहा सेंटिमीटरांत आला. हे मी वहीच्या मागच्या पानावर मांडलं तेव्हा क्षणभर पेन खाली ठेवलं.

आणि कडा एकच नसतो. हेडं तीन-चार असली, त्यांच्यातली अंतरं विषम ठेवली, की प्रत्येक सुरामागून पडसाद वेडेवाकडे, दुडक्या चालीनं येतात. घोड्यांच्या टापा ऐकल्यासारखं वाटतं ते यामुळे. विजापूरच्या गोलघुमटात ओरडल्यावर आवाज पुन्हा पुन्हा येतो, पण तिथे आपण घुमटाच्या मर्जीवर असतो. इथे घुमटाचा आकार नॉब फिरवून ठरवायचा.

तिसरी गोष्ट अॅम्पची. केंटमधल्या डार्टफर्डला व्हॉक्सचे अॅम्प बनत. शॅडोजकडे आधी १५ वॅटचा होता. श्रोत्यांच्या किंकाळ्यांपुढे तो पुरेना, तेव्हा ३० वॅटचा आला. या व्हॉक्सना वरच्या पट्टीत एक लखलखीत धार आहे, काशाच्या ताटलीवर चमचा लागावा तशी. पण आवाज फाटत नाही. दुकानात गेलात की हे आठवा. भाच्याला घेऊन मी एका दुकानात गेलो आणि ‘रॉक’ हा शब्द तोंडातून निघायचा अवकाश, विक्रेत्यानं डिस्टॉर्शन असं चढवलं की समोरची काच थरथरली. आम्हाला हवा होता त्याच्या बरोबर उलटा आवाज, धुतलेल्या सुती कापडासारखा स्वच्छ.

तर खर्च. माझं मत सरळ आहे: पैसे आधी एकोवर घालावेत, मग गिटारवर, आणि अॅम्पवर उरतील तेवढे. बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

मेआझीची जुनी पेटी मिळवायच्या भानगडीत पडू नये. पट्ट्या झिजतात, हेडं घासतात, दुरुस्त करणारा सापडत नाही. आज तोच उशीर एक चिप पार पाडते. आवाजाचे सेकंदाला ४४,१०० आकडे टिपायचे, रांगेत उभे करायचे आणि थोड्या वेळानं सोडायचे. तीन दशांश सेकंदांचा कडा म्हणजे रांगेत १३,२३० आकडे. झूमसारख्या कंपनीचं सुरुवातीच्या किमतीतलं मल्टि-इफेक्ट यंत्र, किंवा साधं डिले पेडल, हे आरामात करतं. फक्त त्यात ‘टेप एको’ नावाचं सेटिंग आहे ना, ते बघून घ्या. साधा डिजिटल डिले हुबेहूब प्रत परत पाठवतो आणि इथे हुबेहूबपणाच नडतो. पट्टीवरचा पडसाद दर खेपेला थोडा मळतो, त्याची धार बोथट होते, पट्टी हलकीशी डुलते म्हणून सूरही किंचित लहरतो. त्यामुळे पडसाद मूळ सुराच्या मागे राहतो, पुढे येऊन धक्काबुक्की करत नाही. सेटिंग नसेल तर पडसादाची वरची पट्टी कापणारा नॉब शोधा.

गिटार घेताना एकच अट: तीन सिंगल-कॉइल पिकअप, त्यातला एक घोडीपाशी. पिकअप म्हणजे चुंबकांभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे सुमारे आठ हजार वेढे. पोलादी तार वर थरथरली की या वेढ्यांत वीज उमटते. फॅरेडेनं १८३१मध्ये दाखवलेली गोष्ट, दुसरं काही नाही. घोडीजवळ तार फारशी हलत नाही, त्यामुळे मूळ सूर बारीक पडतो आणि वरचे स्वरांश उठून दिसतात. तीच ती धार. आता स्वस्तातल्या कित्येक गिटारींना घोडीपाशी नेमका जाडा, दुहेरी कॉइलचा हंबकर असतो. तो वाईट नाही, पण या आवाजासाठी तो उसात मीठ घातल्यासारखा आहे. फेंडरचीच स्वस्त शाखा असलेल्या स्क्वायरच्या स्ट्रॅट बघा, जुन्या बाजारात तर जरूर बघा. सिंगल-कॉइल थोडा गुणगुणतो, आपल्या घरातल्या विजेचे ५० हर्ट्झ त्याला ऐकू येतात. ट्यूबलाइटपासून जरा तिरकं बसलं की कमी होतं.

अॅम्पच्या बाबतीत मोठ्या व्हॉक्सच्या वाट्याला जायचं कारण नाही. तो वजनाला तीस किलोच्या वर, आणि फ्लॅटमध्ये त्याला खरा मोठ्यानं बोलू दिला तर सोसायटीची सभा बोलावली जाईल. व्हॉक्सचीच गिटारच्या जॅकमध्ये खोचायची चिमुकली डबी येते. तिला हेडफोन लावला की काम भागतं. मल्टि-इफेक्ट घेतलं असेल तर त्यातही व्हॉक्सची नक्कल असते. फक्त ब्लूटूथ स्पीकर जोडू नका. तो स्वतःचाच उशीर मध्ये घालतो. बोट आत्ता, सूर मग. असा नको असलेला कडा काही कामाचा नाही.

इतकं आणूनही पहिल्या संध्याकाळी आवाज आला नाही. आली नुसती टिणटिण. तारा ९ गेजच्या, कागदासारख्या पातळ. ११चा संच चढवला. आता ताण वाढला, आणि स्ट्रॅटची घोडी तर मागच्या स्प्रिंगांशी रस्सीखेच करत उभी असते. ती पुढे झुकून वर उचलली गेली. मागचं झाकण काढलं. तीन स्प्रिंगा होत्या, जागा पाचांची. चौथी अडकवली, स्क्रू अर्धा-अर्धा फेरा आवळत गेलो. एक तार लावली की दुसरी उतरते, मग ती लावावी तर पहिली उतरते. तासभर गेला. दांडी दाबून सोडली की गिटार बेसुरी होत होती, कारण मानेच्या टोकाशी असलेल्या नटच्या खाचेत तार अडकत होती. खाचांत शिसपेन्सिल घासली, ग्राफाइटची काळी पूड भरली, आणि तार मुकाट सरकायला लागली. दांडी आट्यांपाशी डुगडुगत होती, तिला नळाला गुंडाळतात ती पांढरी टेफलॉन टेप दोन वेढे लावली. सगळ्या सामानातली ही सर्वांत स्वस्त खरेदी, पण तिच्याइतका फरक दुसऱ्या कशानं पडला नाही.

दांडी घट्ट हवी, कारण हँक ती कधी सोडत नाही. पिक बोटांत, दांडी तळहातात. सूर छेडला की संपता संपता हलकीशी दाबायची. फेंडरनं तिला ट्रेमोलो म्हटलं, ती खरी व्हायब्रेटो. ट्रेमोलोत आवाजाची पातळी लहरते, इथे स्वर लहरतो. आपल्या कानाला हे परकं नाही. सतारिया तार ओढून मींड घेतो, तेव्हा स्वर खालून वर चढतो. इथे उलट खाली झुकून परत येतो, आंदोलन घेतल्यासारखा. भाच्यानं सुरुवातीला दांडी हातपंपासारखी दाबली. मी म्हटलं, “अरे, पाणी नाही काढायचं!” नंतर हळूहळू जमलं. पिक घोडीच्या जवळ नेला, जाड तारांवर चाल वाजवली, मधल्या तुकड्यात तळहाताची कड तारांवर ठेवून आवाज दाबला.

आणि मग सुरांमध्ये जागा सोडली. हे सर्वांत उशिरा सुचलं. सूर घाईनं एकामागोमाग आले तर पडसादाला यायला जागाच उरत नाही, सगळा काला होतो. हँक एक सूर टाकतो आणि थांबतो, कडा उत्तर देतो, मग पुढचा. आमच्या बाराशे चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये, पडदे लावलेल्या खोलीत, पहिल्यांदाच काहीतरी दूरवरून परत आलं. आई स्वयंपाकघरातून डोकावली, “हे कुठे वाजतंय?”

भाचा काही बोलला नाही. त्यानं वाकून नॉब तीनशेवरून सहाशे मिलिसेकंदांवर नेला, आणि कडा शंभर मीटरवर जाऊन उभा राहिला.