त्सुझुमीची थाप, सॅक्सोफोनचा सूर

मार्च १९७४ मध्ये फिलिपिन्सच्या लुबांग बेटावरच्या जंगलातून हिरो ओनोदा नावाचा जपानी लेफ्टनंट बाहेर आला. दुसरं महायुद्ध संपून २९ वर्षं होत आली होती, पण ओनोदाचा त्यावर विश्वास नव्हता. अखेर त्याचा जुना वरिष्ठ अधिकारी जपानहून बेटावर गेला, लढाई थांबवण्याचा हुकूम त्याने वाचून दाखवला, तेव्हा कुठे ओनोदाने शस्त्र खाली ठेवलं. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ही बातमी नवलाची म्हणून छापली. लॉस एंजेलिसमध्ये राहणाऱ्या तोशिको आकियोशी या जपानी पियानोवादक बाईंनी मात्र त्यावर एक रचना बांधली. पुढच्याच महिन्यात त्यांच्या बिग बँडचा पहिला अल्बम ध्वनिमुद्रित झाला, आणि त्याला याच रचनेचं नाव मिळालं: ‘कोगुन’, म्हणजे कुमक तुटलेली, एकटी लढणारी फौज.

बिग बँड म्हटलं की ट्रम्पेटचा दणका, नाचायला लावणारा ठेका आणि सुटाबुटातले वादक डोळ्यांसमोर येतात. ‘कोगुन’ वाजू लागली की कानावर येते ती त्सुझुमीची थाप. त्सुझुमी हे जपानच्या नोह नाट्यातलं तालवाद्य. आकार आपल्या डमरूसारखा, मधे निमुळता; पण ते वाजतं हाताने. त्याचा धाकटा प्रकार वादक उजव्या खांद्यावर धरतो आणि दोऱ्या आवळून-सैल करून सूर चढवतो-उतरवतो. थापेच्या आगेमागे वादक स्वतः दीर्घ आरोळी देतो. दोन थापांमधलं अंतर घड्याळाने मोजलेलं नसतं. ते ताणलं जातं, आखडतं. जॅझचा ठेका, म्हणजे स्विंग, याच्या अगदी उलट. त्यात बास आणि ड्रम्स एक पक्की चाल धरून ठेवतात आणि बाकीचे तिच्या आधाराने खेळतात. आकियोशींनी हे दोन काळ एकमेकांत घोटून एकजीव केले नाहीत. नोहचा काळ नोहच्या जागी ठेवला, स्विंगचा स्विंगच्या जागी, आणि दोघांना एकाच रचनेत एकमेकांसमोर उभं केलं. पूर्व-पश्चिम मिलाफाच्या नावाखाली पुढे जे ढीगभर गुळमुळीत संगीत निघालं, त्याहून हे काम वेगळं ठरतं ते इथेच.

आकियोशींचा जन्म १९२९ चा, मांचुरियातल्या लियाओयांग गावचा. तिथे स्थायिक झालेल्या जपानी कुटुंबातल्या चार बहिणींत त्या धाकट्या. पियानोचे धडे लहानपणीच सुरू झाले. युद्ध संपलं तेव्हा त्या पंधरा वर्षांच्या होत्या. घरदार गमावून कुटुंब १९४६ मध्ये जपानला परतलं आणि क्यूशू बेटावरच्या बेप्पू या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी राहू लागलं. पियानो आता घरात नव्हता. गावातल्या एका डान्स हॉलला पियानोवादक हवा होता. अमेरिकी सैन्य जपानमध्ये तळ ठोकून होतं, अशा हॉलना बरकत होती. सोळा-सतरा वर्षांच्या तोशिकोने पियानोच्या ओढीने ती नोकरी धरली. तिथे एका रेकॉर्डशौकिनाने तिला पियानोवादक टेडी विल्सनचं ‘स्वीट लॉरेन’ ऐकवलं आणि जॅझची वाट उघडली.

१९४८ मध्ये त्या टोकियोला गेल्या. पुढे बड पॉवेल या पियानोवादकाच्या बीबॉप शैलीने त्यांना झपाटलं. उजव्या हाताच्या धावत्या, कोरीव ओळी आणि डाव्या हाताने मधेच मारलेले तुटक ठोके, ही त्या शैलीची खूण. १९५३ मध्ये पियानोवादक ऑस्कर पीटरसन दौऱ्यावर आले असताना त्यांनी टोकियोतल्या क्लबमध्ये या मुलीला ऐकलं आणि निर्माते नॉर्मन ग्रँझ यांच्याकडे शब्द टाकला. ग्रँझनी पीटरसनचेच साथीदार, गिटारवर हर्ब एलिस, बासवर रे ब्राउन आणि ड्रम्सवर जे. सी. हर्ड, तिला दिले. त्यातून झालेली ‘तोशिकोज पियानो’ ही पहिली रेकॉर्ड आज ऐकली तरी तेवीस वर्षांच्या वादकाला इतक्या मोठ्या साथीचं दडपण आलेलं जाणवत नाही. बड पॉवेलची सावली मात्र प्रत्येक ओळीवर आहे.

जानेवारी १९५६ मध्ये आकियोशी बॉस्टनच्या बर्कली संगीतशाळेत पूर्ण शिष्यवृत्तीवर दाखल झाल्या. तिथल्या त्या पहिल्या जपानी विद्यार्थी. अमेरिकेने त्यांच्याकडे पाहिलं ते आधी अचंब्याने: किमोनो नेसलेली जपानी स्त्री बड पॉवेलसारखी वाजवते! त्या वर्षांत निघालेल्या ‘द तोशिको ट्रिओ’ आणि ‘द मेनी साइड्स ऑफ तोशिको’ या रेकॉर्डी सफाईदार आहेत. त्यांत उत्तम पियानो आहे. अजून आकियोशींचं स्वतःचं असं जग नाही. त्याची पहिली चाहूल लागते १९६१ च्या ‘तोशिको मारियानो क्वार्टेट’ या अल्बममध्ये. सॅक्सोफोनवादक चार्ली मारियानो तेव्हा त्यांचे पती होते. (हेच मारियानो पुढे दक्षिण भारतात नादस्वरम शिकले आणि कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशनच्या कलावंतांबरोबर त्यांनी ‘ज्योती’ हा अल्बम केला.) या चौकडीच्या अल्बममध्ये ‘लाँग यलो रोड’ ही रचना आहे. मांचुरियातल्या लहानपणच्या धुळकट पिवळ्या वाटा आणि अमेरिकेतलं आशियाई माणसाचं लांबलचक चालणं, दोन्ही तिच्यात आहेत. पुढे बिग बँडच्या मैफिली याच रचनेने सुरू होत.

वादकापासून अरेंजरपर्यंतचा प्रवास समजायला मराठी वाचकाला लांब जावं लागत नाही. हिंदी चित्रपटसंगीतात सेबॅस्टियन डिसूझांसारखे गोव्याचे अरेंजर होते. चाल संगीतकाराची, पण व्हायोलिनचा ताफा कुठे उठावा, मेंडोलिन कुठे बोलावं, हे लिहून काढणारा हात त्यांचा. बिग बँडमध्ये हे काम जास्तच अवघड. चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन, पाच सॅक्सोफोन आणि पियानो-बास-ड्रम्स अशा सोळा जणांसाठी कागदावर लिहायचं, आणि तरी एकट्याने उठून सोलो वाजवणाऱ्याला मोकळी जागा ठेवायची. आकियोशी चाली रचत, त्यांची बांधणी करत, बँड चालवत आणि पियानोवरही बसत. डाउनबीट मासिकाच्या वाचक-कौलात कंपोझर आणि अरेंजर म्हणून पहिल्या आलेल्या त्या पहिल्या स्त्री.

दुसरे पती ल्यू टाबाकिन यांच्याबरोबर १९७२ मध्ये त्या लॉस एंजेलिसला गेल्या आणि १९७३ मध्ये दोघांच्या नावाचा हा बँड उभा राहिला. वादक बहुतेक स्टुडिओंत पोट भरणारे होते. दिवसभर दुसऱ्यांचं संगीत वाचून वाजवायचं आणि आठवड्यातून एकदा आकियोशींच्या कागदांशी झुंजायचं. बॉबी शू, बिल पर्किन्स यांच्यासारखे तयारीचे लोक त्यासाठी येत, कारण असे कागद दुसरीकडे मिळत नव्हते. पाचही सॅक्सोफोनवादक बासरी किंवा क्लॅरिनेटवर जाऊ शकतात याचा आकियोशींनी पुरेपूर फायदा घेतला. लाकडी फुंकवाद्यांचे थर एकावर एक चढतात, मग अचानक तोच गट बीबॉपची धावती ओळ पाच सुरांत एकजुटीने म्हणतो. एरवी पियानोवादकाच्या उजव्या हातात असते ती चपळाई इथे पाच माणसांच्या फुप्फुसांत आलेली असते. टाबाकिन टेनर सॅक्सोफोनवर राकट आणि बासरीवर शाकुहाची या जपानी बांबूच्या बासरीच्या जवळ जाणारे. एका माणसात दोन आवाज आहेत हे ओळखून आकियोशींनी त्यांच्यासाठी लिहिलं.

बिग बँडचे कृष्णवर्णीय अमेरिकी संगीतकार ड्यूक एलिंग्टन २४ मे १९७४ रोजी वारले. त्यांचं संगीत आपल्या वंशाच्या अभिमानावर उभं आहे, असं सांगणारा जॅझ समीक्षक नॅट हेंटॉफ यांचा लेख वाचून आकियोशी जपानी मुळांकडे वळल्या, असं नेहमी लिहिलं जातं. तारखा पाहिल्या तर ‘कोगुन’चं ध्वनिमुद्रण त्याआधी, एप्रिलमध्येच झालं होतं. म्हणजे हात आधीच तिकडे गेला होता. एलिंग्टनच्या उदाहरणाने त्याला बळ दिलं. एलिंग्टननेही आपल्या लोकांचा इतिहास सांगायला बँडच वापरला होता. त्याच्याकडून आकियोशींनी घेण्यासारखी खरी गोष्ट ही होती.

आणि ती त्यांनी घेतली. १९७६ च्या ‘इनसाइट्स’ या अल्बमची दुसरी बाजू आख्खी एका रचनेने व्यापली आहे. लांबी एकवीस मिनिटांच्या वर, नाव ‘मिनामाता’. मिनामाता हे कोळ्यांचं गाव बेप्पूसारखंच क्यूशू बेटावर. तिथल्या चिस्सो कंपनीच्या कारखान्यात असिटाल्डिहाइड तयार करताना पारा वापरला जाई आणि १९३२ पासून १९६८ पर्यंत मिथाइल मर्क्युरी मिसळलेलं सांडपाणी समुद्रात सोडलं जात होतं. विष माशांत गेलं, माशांतून मांजरांत आणि माणसांत. मांजरं झिंगल्यासारखी नाचून मरू लागली. माणसांचे हातपाय, दृष्टी, वाचा जाऊ लागली. आईच्या पोटातली मुलंही सुटली नाहीत. १९५६ मध्ये रोगाची अधिकृत नोंद झाली, तरी सांडपाणी पुढे बारा वर्षं वाहत राहिलं. १९७३ मध्ये न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरलं.

आकियोशींनी या रचनेचे तीन भाग केले: शांत गाव, भरभराट आणि तिचे परिणाम, उपसंहार. सुरुवातीला एक कोवळा आवाज गावाचं नाव सांगतो. तो त्यांच्या मुलीचा, पुढे मंडे मिचिरू या नावाने गायिका झालेल्या मिचिरूचा. तेव्हा ती जेमतेम बारा वर्षांची होती. मग बँड हळूहळू जागा होतो. भरभराटीच्या भागात तो खरोखर भरभराटतो, आणि आकियोशींची हुशारी दिसते ती इथे. कारखाना म्हणजे कर्कश आवाज, असा सोपा मार्ग त्यांनी घेतला नाही. संगीत उसळतं, स्विंग होतं, ऐकणाऱ्याचा पाय ठेका धरतो, कारण गावालाही पैसा आणि नोकऱ्या येताना असंच वाटलं असणार. या सुखात ऐकणारा सामील झाला की मगच रचना त्याला परिणामांकडे नेते. नोहचं गायन आणि त्सुझुमी इथे पुन्हा येतात. नोहमध्ये मृतांचे आत्मे रंगमंचावर येऊन आपली कहाणी सांगतात. मिनामातासाठी यापेक्षा योग्य आवाज कोणता असणार होता? जपानी वाद्य इथे शोभेला आलेलं नाही, साक्षीला आलेलं आहे. डाउनबीटच्या समीक्षकांनी १९७८ मध्ये ‘इनसाइट्स’ला वर्षातला सर्वोत्तम जॅझ अल्बम ठरवलं.

‘लाँग यलो रोड’, ‘टेल्स ऑफ अ कोर्टिझन’, ‘मार्च ऑफ द टॅडपोल्स’, ‘सुमि-ए’, बासवादक चार्ल्स मिंगसच्या आठवणीतला ‘फेअरवेल’: एका दशकात या बँडने अल्बमांची रांग लावली. सगळे सारखे उंच नाहीत. ‘टॅडपोल्स’ मुख्यतः बीबॉपच्या आनंदासाठी आहे आणि तेवढ्यासाठी उत्तम आहे. यातले बरेच अल्बम आधी जपानी कंपनीच्या पैशावर जपानमध्ये निघाले, अमेरिकेत उशिरा पोचले किंवा पोचलेच नाहीत. ज्या देशात त्या राहत होत्या तिथल्या रेकॉर्ड कंपन्यांना या बँडची किंमत पुरती कळली नाही, हे म्हणायला संकोच करण्याचं कारण नाही. ग्रॅमीसाठी आकियोशींना १४ नामांकनं मिळाली, पुरस्कार एकदाही नाही.

१९८२ मध्ये त्या न्यूयॉर्कला गेल्या आणि तिथे आपल्या एकटीच्या नावाने नवा ऑर्केस्ट्रा बांधला. कार्नेगी हॉलमधल्या १९९१ च्या मैफिलीचा अल्बम या काळाची भव्य बाजू दाखवतो. पण मनाला धरून ठेवतो तो २००१ चा ‘हिरोशिमा: रायझिंग फ्रॉम द अबिस’. हिरोशिमातल्या एका बौद्ध धर्मगुरूने अशा रचनेसाठी विचारलं आणि बॉम्बहल्ल्याची छायाचित्रं पाठवली. ती पाहून आकियोशी हादरल्या. यावर संगीत करून काय साधणार, असा प्रश्न त्यांना पडला. मग तळघरातून बाहेर येणाऱ्या, चेहऱ्यावर किंचित हसू असलेल्या एका तरुणीचं छायाचित्र त्यांना दिसलं आणि त्यांनी होकार दिला. ६ ऑगस्ट २००१ रोजी ही रचना हिरोशिमातच प्रथम वाजली. ‘मिनामाता’ गावापासून सुरू होऊन विनाशाकडे जाते. ही विनाशापासून सुरू होते आणि ‘होप’ नावाच्या भागाशी थांबते. महिनाभराने न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले. ऑर्केस्ट्रा तेव्हा दर सोमवारी बर्डलँड क्लबमध्ये वाजवत असे, आणि तिथे मैफिलीचा शेवट ‘होप’ने होऊ लागला.

डिसेंबर २००३ मध्ये बर्डलँडमध्येच ऑर्केस्ट्राची अखेरची मैफल झाली. अमेरिकेत ध्वनिमुद्रणाचे करार मिळत नव्हते, आणि आकियोशींना पुन्हा पियानोकडे पूर्ण लक्ष द्यायचं होतं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने तीस वर्षांचा संसार मोडून परत रियाजाला बसावं, याला जिद्दच लागते. २००७ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्सने त्यांना ‘जॅझ मास्टर’ म्हणून गौरवलं. त्यानंतर सोलो, ट्रिओ आणि टाबाकिनबरोबरची युगलं असे अल्बम येत राहिले.

बिग बँडचे पहिले पाच स्टुडिओ अल्बम २००८ मध्ये मोझेक कंपनीने तीन सीडींच्या संचात एकत्र आणले. त्याआधी अमेरिकेतल्या रसिकांना यातले बरेच जपानहून मागवावे लागत. नव्याने ऐकणाऱ्याने ‘इनसाइट्स’पासून सुरुवात करावी, आणि थेट ‘मिनामाता’वर उडी मारू नये. पहिल्या बाजूला ‘स्टुडिओ जे’, ‘ट्रान्झियन्स’ आणि ‘सुमिए’ आहेत. या तीन रचनांत सोळा वादकांचे आवाज ओळखीचे होतात, बासऱ्यांचे थर कानात बसतात, टाबाकिन कुठे असतात ते कळू लागतं. एवढी ओळख झाल्यावर बाजू पालटावी.