मुलीचा राक्षसगण निघाला म्हणून स्थळ मोडायचं का? गण म्हणजे नेमकं काय, समजून घ्या

लग्नसराई जवळ आली की गावोगावी हा प्रकार घडतो. पाहण्याचा कार्यक्रम झाला, दोन्हीकडून पसंती झाली, आणि पत्रिका उघडल्यावर कुणीतरी म्हणतं, "मुलगा देवगण, मुलगी राक्षसगण. जमायचं नाही." बोलणी तिथंच थांबतात. 'राक्षस' या शब्दानंच माणसं दचकतात.

गण ठरतो कसा?
जन्मावेळी चंद्र ज्या नक्षत्रात असतो, त्यावरून गण ठरतो. नक्षत्रं २७. त्यातली ९ देवगणाची, ९ मनुष्यगणाची, ९ राक्षसगणाची. अश्विनी, पुष्य, हस्त ही देवगणात. रोहिणी, आर्द्रा मनुष्यगणात. कृत्तिका, मघा, चित्रा राक्षसगणात. देवगणी शांत, मनुष्यगणी व्यवहारी, राक्षसगणी तापट आणि हट्टी, असं ज्योतिषात मानतात.

पण चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो. म्हणजे त्या दिवशी जन्मलेली सगळीच लेकरं एका गणाची. त्या हिशेबानं दर तीन माणसांत साधारण एक राक्षसगणी निघतो. जुळी भावंडं बहुधा एकाच गणाची, तरी एक शांत आणि एक भांडखोर असतंच की!

गुण किती जातात?
एकूण गुण ३६. त्यात गणाचे फक्त ६. गणात शून्य आलं तरी बाकीचे ३० उरतात, आणि १८ जमले की पत्रिका जुळली असं धरतात. म्हणजे ज्योतिषाच्या हिशेबानंही नुसत्या गणावरून नकार देणं बरोबर नाही.

मुलीला त्रास
एकदा 'राक्षसगणाची' असं नाव पडलं की पुढच्या स्थळालाही ते आधी कळतं. मग काही आईबाप जन्मवेळ बदलून नवी पत्रिका करून घेतात. अशा जुळवणीला काय अर्थ?

मग बघायचं काय?
एक तापट, एक शांत अशी जोडपी प्रत्येक गावात आहेत. एकानं बाजारात भाव ताणायचा, दुसऱ्यानं भाऊबंदकीत शब्द आवरायचा, असं वाटून घेतलेल्यांचं चांगलं चालतं. जिथं एक ओरडतो आणि दुसरा आठ-आठ दिवस अबोला धरतो, तिथं बिघडतं.

म्हणून मुलामुलीला निवांत बोलू द्या. राग आल्यावर काय करतो, पैसा कुणाच्या हातात राहणार, शिक्षण-नोकरी चालू राहणार का, व्यसन आहे का, हे विचारू द्या. शेजारीपाजारीही चौकशी करा. सिकलसेलची रक्ततपासणी दोघांचीही करून घ्या. एवढं झाल्यावर गण बघायचा तर बघा.