चैनीसाठी नान्सी

फ्रान्समधली चैन म्हणजे पॅरिस, हे समीकरण एकदा तपासून पाहायला हवे. चैनीत पैशाइतकीच निवांत जागाही मोजावी लागते आणि पॅरिसमध्ये नेमकी तीच दुर्मीळ. वेगवान रेल्वेने तिथून सुमारे दीड तासावर असलेल्या नान्सीचा मुख्य चौकच दरबारी थाटाचा आहे. पोलंडचे पदच्युत राजे आणि पंधराव्या लुईचे सासरे स्तानिस्लास यांनी तो १७५०च्या दशकात बांधवला. झाँ लामूरने घडवलेली तिथली सोनेरी मुलाम्याची लोखंडी दारे पाहायला तिकीट लागत नाही. १९११ सालच्या एक्सेलसियर या उपाहारगृहात तर दोम कारखान्याच्या काचेच्या दिव्यांखाली, माजोरेलच्या लाकूडकामाच्या सोबतीने जेवता येते. संग्रहालयात ठेवावे असे सामान इथे रोजच्या वापरात आहे!

लूव्र कुठे आहे इथे, असे कोणी विचारेल. नाहीच. पण एमील गाले आणि त्याच्या सहकाऱ्यांनी घडवलेली आर्ट नूव्होची काच-लाकडाची दुनिया त्यांच्याच गावात पाहण्याची गोडी वेगळी. केवळ नान्सीसाठी मुंबईहून कोणी विमान पकडणार नाही, हेही खरे. म्हणून पॅरिसच्या सात दिवसांतले दोन इकडे वळवावेत.