उभ्या गाडीचे ब्रेक

मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आणि या जातीच्या शेवटच्या टॅक्सीची नोंदणी २००३ ची, त्यामुळे ते ठरलेलंच होतं. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात घडलेल्या, मूळच्या इटालियन फियाट ११०० च्या या लेकी आता उरल्या आहेत त्या हौशी मालकांच्या घरी, आच्छादनाखाली. महिन्यातून एखाद्या रविवारी बाहेर निघतात. त्यांच्या ब्रेकचं दुखणं टॅक्सीच्या ब्रेकपेक्षा वेगळं असतं आणि गॅरेजमध्ये नेमकी हीच गोष्ट नजरेतून सुटते. टॅक्सीचा ब्रेक झिजून जायचा, लायनर आणि ड्रम बदलले की काम व्हायचं. उभ्या गाडीचा ब्रेक कुजतो.

कुजण्याचं मूळ ऑइलमध्येच आहे. नेहमीचं ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं आणि ते हवेतली ओल शोषून घेतं. टाकीच्या झाकणाला श्वासासाठी छिद्र असतं, रबरी होजमधूनही दमटपणा झिरपतो. मुंबईचा एक पावसाळा पुरेसा असतो असं नाही, पण चार-पाच पावसाळे नक्कीच पुरतात. कोरडं डॉट ३ ऑइल किमान २०५ अंशांना उकळायला हवं, असं मानक सांगतं. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मिसळलं की ही मर्यादा १४० अंशांवर येते. खंडाळ्याचा घाट उतरताना ड्रम तापतात, व्हील सिलिंडरमधल्या ऑइलची वाफ होते आणि पॅडल थेट तळाला जातं. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही, एवढाच काय तो फरक. गाडी थंड झाली की वाफेचं पुन्हा पाणी होतं, पॅडल पूर्ववत होतं आणि मेकॅनिकला काहीच सापडत नाही. ज्याच्या पायाखाली ते पॅडल गेलेलं असतं, त्याच्यावर विश्वास ठेवून आधी ऑइल बदलावं.

हे इतकं गंभीर का, तर फियाट ११०० च्या काळातल्या बहुतेक गाड्यांत चारही चाकांना मिळून ऑइलचा एकच मार्ग असे. माल्कम लॉकहीडने १९१७ मध्ये हायड्रॉलिक ब्रेकचं पेटंट घेतलं, १९२१ च्या ड्यूसेनबर्गमध्ये तो चारही चाकांना आला, पण दोन स्वतंत्र मार्गांची सक्ती अमेरिकेतसुद्धा १९६८ पर्यंत नव्हती. एका चाकाचा रबरी वॉशर गळला की चारही चाकं गेली.

खरी गंमत आहे ती चिकटणाऱ्या ब्रेकची. गाडी काही किलोमीटर चालली की जड होते, एक चाक हाताला चटका देण्याइतकं तापतं. बहुतेक ठिकाणी लगेच ड्रम उघडतात, शू घासतात, व्हील सिलिंडरचं किट टाकतात. त्याआधी पाच मिनिटांची एक तपासणी करावी. चाक जॅकवर घ्यावं, ब्रेक दाबून सोडावा, चाक अडकलेलंच असताना त्याचं हवा काढायचं निप्पल अर्धा आटा सैल करावं. ऑइलची पिचकारी उडून चाक मोकळं झालं, तर दाब आत कोंडलेला होता. चाक तरीही अडकलेलंच राहिलं, तर दोष यांत्रिक आहे: गंजलेला दट्ट्या, ढिली स्प्रिंग किंवा वाजवीपेक्षा घट्ट अ‍ॅडजस्ट केलेले शू.

दाब कोंडला असेल तर तो कुठे, हा पुढचा प्रश्न. एकच पुढचं चाक अडकत असेल तर संशय त्याच्या होजवर घ्यावा. जुना होज बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतलं रबर फुगून भोक जवळजवळ बुजतं. पायाच्या जोराने ऑइल आत रेटलं जातं, पण शूच्या स्प्रिंगमध्ये ते परत लोटण्याएवढी ताकद नसते. चारही चाकं एकदम जड होत असतील, तर मास्टर सिलिंडरकडे वळावं. पाय काढल्यावर ऑइल टाकीत परतण्यासाठी तिथे एक बारीक छिद्र असतं. पॅडलला थोडीही मोकळीक ठेवली नसेल तर वॉशर त्या छिद्रावरच बसून राहतो. ऑइल तापतं, फुगतं आणि ब्रेक आपोआप लागत जातो. पॅडलपासून मास्टर सिलिंडरमध्ये जाणारा दांडा जरासा आखूड केला की हा आजार संपतो, एक पैशाचाही भाग लागत नाही.

उलट्या तक्रारीही पायालाच कळतात. पंप केल्यावर पॅडल वर येतं आणि टणक होतं, तेव्हा शू ड्रमपासून लांब गेलेले असतात. वर येऊनही स्पंजसारखं दबत राहिलं तर हवा शिरलेली असते. सिग्नलला एकसारखा पाय ठेवल्यावर पॅडल हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठेही ओल नसेल, तर मास्टर सिलिंडरचा वॉशर आतल्या आत ऑइल सोडतोय. बोअरला गंजाचे खड्डे पडले असतील तर नवं किट थोड्याच दिवसांत फाटतं. तिथे स्लीव्ह घालावी किंवा सिलिंडरच बदलावा.

मागच्या ड्रममध्ये ओल सापडली तर ती कसली, हे आधी ओळखावं. थेंबभर घेऊन पाण्यात टाकावी. ब्रेक ऑइल विरघळतं, एक्सलच्या सीलमधून आलेलं गिअर ऑइल वर तरंगतं. चुकीचं निदान करून व्हील सिलिंडर बदलला तर नवे लायनरही भिजणार. भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवू नयेत, दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत, नाहीतर गाडी एका अंगाला ओढते.

शेवटी हवा काढावी ती मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून. बाटलीत जमलेलं ऑइल, कितीही स्वच्छ दिसलं तरी, टाकीत परत ओतू नये. नंतर पॅडल मिनिटभर जोरात दाबून धरावं आणि दुसऱ्या कुणीतरी खाली वाकून प्रत्येक जोड कोरडा आहे का ते पाहावं.