नेत्याचे आत्मपरीक्षण

आत्मपरीक्षण (स्वतःच्या निर्णयांची व त्यांच्या परिणामांची तपासणी) म्हणजे चुकीची कबुली किंवा पश्चात्ताप, असा समज सर्रास आढळतो. तालमीत वस्ताद हरलेल्या पैलवानाला डाव कुठे फसला ते दाखवतो, पुढच्या कुस्तीसाठी. नेत्याचे आत्मपरीक्षणही असेच पुढच्या निर्णयासाठी असते.

याचे एक उदाहरण कोल्हापूर संस्थानात सापडते. तिथे राजर्षी शाहू महाराजांच्या २६ जुलै १९०२ च्या हुकमाने रिकाम्या होणाऱ्या नोकऱ्यांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या गेल्या. आरक्षणासाठी हा हुकूम प्रसिद्ध आहे. त्याचा शेवटचा भाग मात्र, तितकाच महत्त्वाचा असूनही, क्वचितच सांगितला जातो. हुकमानंतरच्या सर्व नेमणुकांचे पत्रक प्रत्येक खातेप्रमुखाने दर तीन महिन्यांनी सादर करायचे होते. चांगल्या हेतूवर न विसंबता आपला निर्णय प्रत्यक्षात उतरतो का, हे आकड्यांत पाहण्याची सोय हुकमातच होती.