धक्क्यावर ओरडलेला परवलीचा शब्द

रत्नागिरी जिल्ह्याच्या राजापूर तालुक्यात, जैतापूरच्या खाडीलगत नाटे हे गाव आहे. तेथे यशवंतगड हा किल्ला आहे, आणि शेजारीच साखरी नाटे येथे मच्छीमारांचे बंदर आहे. समजा, तेथील विद्यार्थ्यांनी यशवंतगडाची छायाचित्रे काढली आणि ती शाळेच्या संकेतस्थळावर ठेवायचे ठरवले. संकेतस्थळ बहुधा शाळेच्या संगणकात नसते. दूरच्या शहरात रात्रंदिवस चालू असणाऱ्या 'सर्व्हर' नावाच्या संगणकात भाड्याने जागा घेऊन ते ठेवलेले असते. मग छायाचित्राची फाइल तेथवर पोचवायची कशी?

याचे एक उत्तर एका भारतीयाने दिले. अभय भूषण हे कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीतले विद्यार्थी. १९६५ साली पदवी घेऊन ते अमेरिकेत एमआयटी या संस्थेत गेले. १६ एप्रिल १९७१ रोजी त्यांनी 'फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल', म्हणजेच एफटीपीचे नियम प्रथम मांडले. प्रोटोकॉल म्हणजे दोन संगणकांनी एकमेकांशी बोलताना पाळायची शिस्त.

ही शिस्त समजण्यासाठी बंदराच्या धक्क्यावर जाऊ या. होडी लागली की तांडेल ओरडून सूचना देतो. मासळीच्या टोपल्या मात्र हातोहात वेगळ्या उतरतात. एफटीपीतही अशाच दोन वाटा असतात. पोर्ट म्हणजे सर्व्हरचे जणू क्रमांक घातलेले दार. २१ क्रमांकाच्या दारातून फक्त आज्ञा जातात : 'मी अमुक, माझा परवलीचा शब्द तमुक, ही फाइल घे.' प्रत्यक्ष फाइल दुसऱ्या वाटेने जाते.

पण तांडेलाचे ओरडणे धक्क्यावरच्या सर्वांनाच ऐकू येते! मूळच्या एफटीपीत परवलीचा शब्दही असाच उघडा जातो. १९७१ साली संगणकांच्या जाळ्यात मोजकी विद्यापीठे आणि संशोधनसंस्था होत्या, त्यामुळे त्याचे कोणाला फारसे भय वाटले नाही. आज आपला संदेश वाटेत अनेक यंत्रांतून जातो. मध्येच कोणी कान लावून बसला, तर शाळेच्या संकेतस्थळाची किल्लीच त्याच्या हाती पडेल. तो छायाचित्रे पुसून टाकील किंवा शाळेच्या नावाने खोटी सूचना लावील. क्रोम आणि फायरफॉक्स या ब्राउझरांनी २०२१ साली एफटीपीची सोय काढून टाकली.

मग उपाय काय? फिनलंडमधील एका विद्यापीठाच्या जाळ्यात परवलीचे शब्द चोरले गेले, तेव्हा तेथील तातू युलोनेन यांनी १९९५ साली 'एसएसएच' ही सांकेतिक संभाषणाची पद्धत तयार केली. तिच्यावर आधारलेली एसएफटीपी ही पद्धत आज वापरतात. तिच्यात आज्ञा आणि फाइल एकाच वाटेने, २२ क्रमांकाच्या दारातून, सांकेतिक रूपात जातात. वाटेत कोणी ऐकले, तरी त्याला अर्थ लागत नाही.

आता जोडणी करू या. शिक्षकांच्या देखरेखीखाली 'फाइलझिला'सारखा मोफत प्रोग्राम उघडा. त्यात सर्व्हरचे नाव, खात्याचे नाव, परवलीचा शब्द आणि पोर्ट २२ भरा. सोय असेल, तर विद्यार्थ्यांसाठी फक्त छायाचित्रांच्या फोल्डरपुरते वेगळे खाते मागून घ्या. एका खोलीचे काम असताना साऱ्या घराच्या किल्ल्या कोणी देते का?

पहिल्या जोडणीच्या वेळी पडद्यावर अक्षरांची आणि अंकांची एक लांबलचक माळ दिसेल. हा सर्व्हरचा 'ठसा' होय. जागा देणाऱ्या कंपनीने कळवलेल्या ठशाशी तो ताडून पाहा आणि मगच होकार द्या. सांकेतिक भाषा बोलणे लपवते, पण समोरचा तोतया असेल तर ते लपवून काय उपयोग?

शेवटी फाइलची परवानगी तपासा. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालवण्याचा १ असे अंक ठरलेले आहेत. परवानगीच्या संख्येतला पहिला अंक मालकाचा, दुसरा त्याच्या गटाचा, तिसरा इतर सर्वांचा. छायाचित्राला साधारणपणे ६४४ देतात. म्हणजे मालक वाचू आणि लिहू शकतो (४ + २ = ६), बाकीचे फक्त वाचू शकतात. आता ७७७ चा अर्थ तुम्हीच काढा. तो कळला, की यशवंतगडाच्या छायाचित्राला ७७७ का देऊ नये, हे वेगळे सांगावे लागणार नाही.